विजेच्या करारातील ‘क्षमता’ : कागदावरची किती, कामाची किती?

महिनाभर परगावी गेलेल्या कुटुंबाचे घर कुलूपबंद असते. दिवा लागत नाही, पंखा फिरत नाही. तरीही महिनाअखेर विजेचे बिल येते आणि त्यात ‘स्थिर आकार’ या नावाखाली काही रक्कम मागितलेली असते. वीज वापरलीच नाही, मग पैसे कशाचे, असा प्रश्न ग्राहकाच्या मनात येणे स्वाभाविक आहे.

हाच प्रश्न फार मोठ्या प्रमाणावर राज्यांच्या वीज कंपन्यांपुढेही असतो. वीजनिर्मिती केंद्राकडून एकही युनिट घेतले नाही, तरी त्या केंद्राला कोट्यवधी रुपये द्यावे लागतात, असे वृत्त वाचनात आले की पुष्कळांना तो सरळसरळ अपव्यय वाटतो. कधी तो अपव्यय असतोही. पण कधी त्याच रकमेमुळे ऐन उन्हाळ्याच्या संध्याकाळी गावातील दिवे चालू राहतात. या दोहोंतील भेद कळण्यासाठी करारातील एकच शब्द नीट समजून घ्यावा लागतो. तो शब्द म्हणजे ‘क्षमता’. त्या शब्दाची व्याख्या कशी केली जाते, ती सैल राहिली तर काय घडते आणि आज सूर्य व वारा यांच्या विजेने ती व्याख्या कशी बदलली आहे, याचा परिचय करून देणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

क्षमता आणि ऊर्जा

प्रथम दोन गोष्टी वेगळ्या केल्या पाहिजेत. विहिरीवर पाच अश्वशक्तीचा पंप बसविला आहे, असे आपण म्हणतो तेव्हा ती त्या पंपाची क्षमता झाली. तो पंप दिवसातून किती तास चालला आणि त्याने किती वीज घेतली, ही झाली ऊर्जा. क्षमता किलोवॅट किंवा मेगावॅट या मापात मोजतात. ऊर्जा युनिटमध्ये मोजतात. एक किलोवॅटचे उपकरण एक तास चालले की एक युनिट खर्च होते. एक हजार किलोवॅट मिळून एक मेगावॅट होतो. पाच अश्वशक्तीच्या पंपाला सुमारे पावणेचार किलोवॅट शक्ती लागते. म्हणजे एक मेगावॅटवर असे सुमारे २७० पंप एकाच वेळी चालू शकतात.

शेतकऱ्याला हा भेद दुसऱ्या एका व्यवहारातून उत्तम परिचयाचा आहे. पेरणीच्या हंगामाआधी तो ट्रॅक्टरवाल्याशी बोलणी करून विसार देतो. पाऊस कधी पडेल आणि वाफसा कोणत्या दिवशी येईल हे कोणालाच ठाऊक नसते. पण ज्या दिवशी येईल त्या दिवशी ट्रॅक्टर बांधावर हजर हवा, यासाठी तो विसार असतो. प्रत्यक्ष नांगरटीचे पैसे एकरी हिशोबाने वेगळे द्यावयाचे असतात. विसार हे क्षमतेचे मोल होय आणि एकरी दर हे ऊर्जेचे. वाफसा आला आणि ट्रॅक्टर दुसऱ्याच्या शेतात निघाला, तर विसार फुकट गेला. विजेच्या करारातील जवळजवळ सगळे वाद या एका वाक्यात सामावलेले आहेत.

बडोद्याचे विद्युत भवन

या विषयाचा अभ्यास करण्यास बडोदे, म्हणजेच आजचे वडोदरा, हे शहर सोयीचे आहे. सयाजीराव गायकवाडांच्या या नगरीत मराठी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या नांदत आली असल्याने मराठी वाचकाला ते परके नाही. १९६० मध्ये गुजरात राज्याबरोबर जन्मलेल्या गुजरात वीज मंडळाचे मुख्यालय येथेच होते. १ एप्रिल २००५ पासून त्या मंडळाचे विभाजन सात कंपन्यांत झाले. त्यांतील गुजरात ऊर्जा विकास निगम ही कंपनी राज्यासाठी ठोक वीज खरेदी करते आणि ती मध्य, दक्षिण, पश्चिम व उत्तर गुजरातच्या चार वितरण कंपन्यांना पुरविते. रेसकोर्स भागातील सरदार पटेल विद्युत भवनात तिचे कार्यालय आहे. त्याच शहरात गोत्री येथे राज्याचे भार प्रेषण केंद्र आहे. कोणत्या केंद्राने किती वीज सोडावयाची याचे वेळापत्रक तेथे आखले जाते. त्यासाठी दिवसाचे पंधरा-पंधरा मिनिटांचे ९६ भाग पाडले जातात.

महाराष्ट्रातही २००५ च्या जून महिन्यात राज्य वीज मंडळाचे असेच विभाजन झाले आणि वीज खरेदीचे काम महावितरणकडे आले. दोन्ही राज्यांचे अनुभव या विषयात एकमेकांना पूरक आहेत. काही करारांवर तर दोघांच्याही सह्या आहेत.

दोन भागांचा दर

पूर्वी केंद्रीय वीज केंद्रांची वीज एकाच दराने, म्हणजे युनिटमागे इतके पैसे, अशी विकली जात असे. या पद्धतीत एक मोठा दोष होता. जितकी अधिक युनिटे विकली तितकी अधिक प्राप्ती, त्यामुळे रात्री मागणी नसतानाही यंत्रे चालती ठेवण्याकडे केंद्रांचा कल राही. १९९० मध्ये के. पी. राव समितीने दराचे दोन भाग करण्याची शिफारस केली. पहिला भाग क्षमता आकार. उभारणीचे भांडवल, कर्जावरील व्याज, कर्मचाऱ्यांचे वेतन व देखभाल हा खर्च त्यातून भागतो. दुसरा भाग ऊर्जा आकार; तो प्रामुख्याने इंधनाचा खर्च होय. पश्चिम विभागात, म्हणजे महाराष्ट्र, गुजरात, मध्य प्रदेश, छत्तीसगड व गोवा या राज्यांत, १ जुलै २००२ पासून उपलब्धतेवर आधारित दरपद्धती लागू झाली आणि क्षमता आकार हा केंद्राच्या ‘उपलब्धते’शी जोडला गेला.

उपलब्धता म्हणजे प्रत्यक्ष निर्मिती नव्हे. केंद्र वीज देण्यास सज्ज होते काय, एवढेच उपलब्धता सांगते. सज्ज असलेल्या केंद्राकडून खरेदीदाराने वीज घेतली नाही, तरी क्षमता आकार द्यावाच लागतो.

एक कल्पित उदाहरण घेऊ. समजा, एका करारात १,००० मेगावॅट क्षमता ठरली आहे, अपेक्षित उपलब्धता ८० टक्के आहे आणि क्षमता आकार युनिटमागे एक रुपया आहे. वर्षात ८,७६० तास असतात. त्यांचे ८० टक्के धरले तर ७००.८ कोटी युनिटे होतात. म्हणून वर्षाचा क्षमता आकार ७००.८ कोटी रुपये झाला. खरेदीदाराने ही सर्व वीज घेतली तर क्षमतेपोटी युनिटमागे एक रुपया पडला. त्याने निम्मीच वीज घेतली, तरी रक्कम तीच राहते. मात्र घेतलेल्या प्रत्येक युनिटवर तिचा भार दोन रुपये होतो. गरजेपेक्षा अधिक क्षमता करारबद्ध केली की वीज महाग होते ती अशी.

आता उलट बाजू पाहू. केंद्रच सज्ज राहिले नाही आणि वर्षाची उपलब्धता ६० टक्क्यांवर आली, तर क्षमता आकार ५२५.६ कोटी रुपयांवर उतरतो. शिवाय स्पर्धात्मक निविदांच्या नमुना करारांत उपलब्धता ७५ टक्क्यांच्या खाली गेल्यास त्या तुटीवर क्षमता आकाराच्या २० टक्के दराने दंड ठेवलेला असतो. ७५ व ६० यांतील १५ टक्क्यांची युनिटे होतात १३१.४ कोटी, वीस पैसे दराने दंड झाला २६.२८ कोटी रुपये. यावरून दिसून येईल, की ‘उपलब्ध’ या शब्दाचा अर्थ कोण लावतो आणि तो कसा तपासला जातो, याला रोख पैशाचे मोल आहे.

क्षमतेच्या चार पायऱ्या

व्यवहारात ‘क्षमता’ हा एकच शब्द चार निरनिराळ्या अर्थांनी वापरला जातो.

पहिली, स्थापित क्षमता. यंत्राच्या पाटीवर कोरलेला आकडा तो हा.

दुसरी, करारातील क्षमता. खरेदीदाराच्या नावे लिहून दिलेला भाग म्हणजे ही क्षमता. तीत केंद्राचा स्वतःचा वापर सहसा वजा केलेला असतो.

तिसरी, घोषित क्षमता. उद्याच्या दिवसासाठी केंद्र भार प्रेषण केंद्राला आगाऊ कळविते तो आकडा.

चौथी, मान्य क्षमता. मागणी सर्वांत अधिक असेल किंवा वीज सर्वांत दुर्मीळ असेल, त्या घटकेला ज्या भागावर खात्रीने विसंबता येईल, तेवढ्याच भागाचे श्रेय केंद्राला द्यावयाचे. इंग्रजीत यालाच ‘कपॅसिटी क्रेडिट’ म्हणतात. पेरणीच्या दिवशी दावणीला असलेलीच बैलजोडी मोजावयाची, बाजारात बोलणी झालेली नव्हे, असा हा न्याय आहे.

पहिल्या दोन पायऱ्यांतील अंतर मुंद्रा येथील प्रकल्पावरून स्पष्ट होते. कच्छच्या किनाऱ्यावरील या प्रकल्पाचा करार २२ एप्रिल २००७ रोजी टाटा समूहाची कोस्टल गुजरात पॉवर ही कंपनी आणि पाच राज्ये यांच्यात झाला. प्रत्येकी ८०० मेगावॅटचे पाच संच, म्हणजे स्थापित क्षमता ४,००० मेगावॅट. करार मात्र ३,८०० मेगावॅटचा आहे, कारण केंद्राचे स्वतःचे पंप, पंखे व कोळशाच्या चक्क्या यांनाही वीज लागते. त्या ३,८०० पैकी गुजरातचा वाटा १,८०५ मेगावॅट, महाराष्ट्राचा ७६०, पंजाबचा ४७५, तर राजस्थान व हरियाणा यांचा प्रत्येकी ३८०. पहिला संच २०१२ च्या मार्चमध्ये चालू झाला आणि पुढील वर्षभरात पाचही संच सुरू झाले.

करार स्पष्ट होता, यंत्रे नवी होती, तरी अडचण आली ती इंधनाची. कोळसा इंडोनेशियातून येणार होता. २०१० मध्ये त्या देशाने निर्यातीच्या किमतीचे नियम बदलले आणि निविदेतील हिशोब कोलमडला. वाढीव खर्च मिळावा ही निर्मात्यांची मागणी सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली. परदेशातील कायद्याच्या बदलाने कोळसा महागला, एवढ्याने करारातील दैवी आपत्तीचे कलम लागू होत नाही, असा निर्णय न्यायालयाने ११ एप्रिल २०१७ रोजी दिला. पुढे २०२१ च्या पावसाळ्यानंतर जगभर कोळशाचे भाव भडकले, तेव्हा आयात कोळशावर चालणारी देशातील अनेक केंद्रे बंद राहिली आणि नेमक्या त्याच वेळी विजेचा तुटवडा झाला. अखेर ५ मे २०२२ रोजी केंद्र सरकारने विद्युत अधिनियम २००३ च्या कलम ११ खाली अशी सर्व केंद्रे पूर्ण क्षमतेने चालविण्याचा आदेश काढला. यंत्रांच्या पाटीवरील आकडा या सर्व काळात एका मेगावॅटनेही बदलला नव्हता. बदलली होती ती कामास येणारी क्षमता.

दाभोळचा धडा

तिसऱ्या पायरीचा, म्हणजे घोषित क्षमतेचा, धडा महाराष्ट्राने रत्नागिरी जिल्ह्यात घेतला. दाभोळ वीज कंपनीशी राज्य वीज मंडळाचा करार ८ डिसेंबर १९९३ रोजी झाला. पुढे तो फेरवाटाघाटींनंतर बदलला. ७४० मेगावॅटचा पहिला टप्पा १९९९ च्या मे महिन्यात चालू झाला. वीज घेतली किंवा न घेतली तरी सज्ज असलेल्या क्षमतेचे पैसे मंडळाने द्यावयाचे, हे या कराराचे मुख्य सूत्र होते. इंधन म्हणून वापरला जाणारा नाफ्था महाग झाला, रुपयाचे मूल्य घसरले आणि मंडळाने वीज कमी घेण्यास प्रारंभ केला. मग वरच्या उदाहरणात पाहिले तेच घडले : वीज कमी घेतली, म्हणून युनिट अधिक महाग पडू लागले.

२८ जानेवारी २००१ रोजी मंडळाने केंद्राकडे वीज मागितली. बंद असलेले केंद्र ठरलेल्या तीन तासांत पूर्ण क्षमतेवर आले नाही, म्हणजेच घोषित केलेली उपलब्धता खरी नव्हती, असा दावा मंडळाने केला आणि करारातील तरतुदीनुसार ४०१ कोटी रुपयांच्या सवलतीची मागणी केली. कंपनीने हा दावा फेटाळला. वाद विद्युत नियामक आयोग, लवाद व न्यायालये यांच्याकडे गेला. त्याच वर्षी मे महिन्यात मंडळाने करार रद्द केल्याचे जाहीर केले आणि केंद्र बंद पडले. २००५ मध्ये रत्नागिरी गॅस अँड पॉवर ही नवी कंपनी स्थापून ते पुन्हा उभे करण्याचा उपक्रम हाती घ्यावा लागला.

कोणाची बाजू योग्य होती, हा येथे विषय नाही. ध्यानात घेण्याजोगी गोष्ट ही, की शेकडो कोटींचा वाद ‘किती वेळात सज्ज होणे म्हणजे उपलब्ध असणे’ या एका व्याख्येभोवती फिरत होता. घोषणा खोटी ठरल्यास काय, याचे साधे व आधी ठरलेले उत्तर हवे, हा बोध उपलब्धतेवर आधारित दरपद्धतीच्या नियमांत दिसतो. पहिल्या चुकीच्या घोषणेला दोन दिवसांचा क्षमता आकार कापावयाचा, दुसऱ्या वेळी चार दिवसांचा आणि पुढे दर वेळी दुप्पट, असे त्यांचे स्वरूप आहे. ट्रॅक्टरवाल्याने ‘येतो’ म्हणून न येण्याची सवय लावून घेतली, तर दर खेपेला त्याचा विसार अधिक कापावा, असा हा व्यवहारी उपाय आहे.

नर्मदेचे पाणी आणि वाट्याचे मेगावॅट

बडोद्याच्या आग्नेयेस सुमारे ९० किलोमीटरवर केवडिया येथे सरदार सरोवर धरण आहे. तेथे नदीपात्रातील वीजगृह १,२०० मेगावॅटचे आणि कालव्याच्या मुखावरील वीजगृह २५० मेगावॅटचे, असे एकूण १,४५० मेगावॅट बसविलेले आहेत. नर्मदा जलतंटा लवादाच्या १९७९ च्या निवाड्यानुसार या विजेत मध्य प्रदेशाचा वाटा ५७ टक्के, महाराष्ट्राचा २७ टक्के आणि गुजरातचा १६ टक्के आहे. त्रैराशिक मांडले तर महाराष्ट्राच्या वाट्याला ३९१.५ मेगावॅट येतात.

परंतु हे मेगावॅट प्रत्येक दिवशी मिळतीलच असे नाही. जलाशयाची पूर्ण पातळी १३८.६८ मीटर आहे. पाणी ११०.६४ मीटरच्या खाली गेले की नदीपात्रातील वीजगृह चालविता येत नाही. शिवाय जे पाणी सिंचनासाठी व पिण्यासाठी कालव्यात सोडले जाते, ते नदीपात्रातील वीजगृहातून जात नाही. पाऊसमान चांगले असलेल्या वर्षी सप्टेंबरमध्ये या वाट्याचे मोल फार. तेच अवर्षणाच्या वर्षी मे महिन्यात अल्प. म्हणून जलविद्युत केंद्राची मान्य क्षमता ठरविताना यंत्राचा आकडा पुरत नाही. हंगाम, जलाशयाची पातळी आणि पाण्यावरील इतर हक्क हेही विचारात घ्यावे लागतात. बडोदेकरांना हे आजवा सरोवरावरून सहज पटेल. सयाजीरावांच्या कारकीर्दीत बांधलेल्या त्या सरोवराची भिंत दरवर्षी तीच असते. शहराला पाणी किती मिळणार, हे मात्र पावसानंतर सरोवरात किती साठले यावर ठरते.

सूर्य, वारा आणि मान्य क्षमता

सौर व पवन विजेमुळे चौथ्या पायरीला आज विशेष महत्त्व आले आहे. २०२० च्या डिसेंबरमध्ये गुजरात ऊर्जा विकास निगमाच्या एका लिलावात सौर विजेचा दर युनिटमागे एक रुपया नव्याण्णव पैसे इतका खाली आला. हा दर केवळ ऊर्जेचा होता. अशा करारांत वेगळा क्षमता आकार नसतो. जेवढी युनिटे आली तेवढ्यांचेच पैसे. दर स्वस्त आहे यात शंका नाही. परंतु रात्री आठ वाजता, घरोघरी दिवे लागलेले असताना, हे केंद्र किती मेगावॅट देईल? उत्तर शून्य आहे. म्हणून १०० मेगावॅटचे सौर केंद्र आणि १०० मेगावॅटचे कोळशाचे केंद्र यांची बेरीज करून ‘२०० मेगावॅटची सोय झाली’ असे म्हणता येत नाही.

मग सौर केंद्राला श्रेय किती द्यावे? सर्वांत सोपी रीत अशी : वर्षातील सर्वाधिक मागणीचे तास निवडावयाचे आणि त्या तासांत केंद्राने सरासरी किती वीज दिली ते पाहावयाचे. समजा, असे पाच तास निवडले. त्यांतील तीन दुपारचे व दोन संध्याकाळनंतरचे आहेत. १०० मेगावॅटच्या सौर केंद्राने त्या तासांत अनुक्रमे ७०, ६०, ५०, ० व ० मेगावॅट दिले. बेरीज १८०, सरासरी ३६. म्हणजे मान्य क्षमता ३६ टक्के. पवन केंद्राने त्याच तासांत ३०, १०, २५, ५ व ३० मेगावॅट दिले, तर बेरीज १०० आणि मान्य क्षमता २० टक्के. हे आकडे केवळ रीत समजण्यासाठी घेतले आहेत.

या रीतीत एक खोच आहे. सौर केंद्रे वाढत गेली की दुपारची गरज त्यांच्यावरच भागते आणि इतर केंद्रांवरील खरा ताण संध्याकाळकडे सरकतो. तेव्हा केवळ मागणीचे तास न पाहता, मागणीतून सूर्य व वारा यांची वीज वजा करून उरलेला भार सर्वाधिक असलेले तास पाहावे लागतात. ते पाचही तास सूर्यास्तानंतरचे निघाले तर त्याच सौर केंद्राचे श्रेय ३६ वरून शून्यावर येते. केंद्र बदललेले नसते, बदललेली असते भोवतालची परिस्थिती. यासाठीच करारात श्रेय कायमचे लिहून न ठेवता ठराविक काळाने फिरून मोजण्याची तरतूद ठेवणे इष्ट ठरते.

तिसरी रीत अधिक शास्त्रशुद्ध आहे. एल. एल. गार्व्हर या अमेरिकन अभियंत्याने ती १९६६ मध्ये मांडली. नवे केंद्र जोडल्यावर, वीज अपुरी पडण्याचा धोका पूर्वीइतकाच ठेवून, मागणी आणखी किती मेगावॅटने वाढू देता येईल, हे गणिताने काढावयाचे. जितकी मागणी वाढू देता येते, तितकी त्या केंद्राची भारवहनाची खरी शक्ती. कोळशाच्या यंत्रालाही ही कसोटी लागू पडते, कारण तेही अवचित बंद पडू शकते.

भारतात या विचाराला नियमांचे रूप अलीकडे मिळाले. डिसेंबर २०२२ मध्ये विद्युत नियमांत दुरुस्ती होऊन साधनसंपत्तीच्या पर्याप्ततेची, म्हणजे पुरेशी क्षमता आधीच हाती ठेवण्याची, तरतूद आली आणि जून २०२३ मध्ये केंद्र सरकारने त्याविषयीची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. वितरण कंपनीने पुढील वर्षांच्या कमाल मागणीचा अंदाज करावा, त्यावर राखीव भाग धरावा आणि तेवढी मान्य क्षमता करारांनी बांधून ठेवावी, असा त्यांचा आशय आहे. एकच क्षमता दोन खरेदीदारांच्या खाती जमा होऊ नये, हेही त्यात ओघाने आले.

मान्य क्षमता वाढविण्याचे दोन मार्ग आहेत. पहिला, वीज साठविणे. मार्च २०२४ मध्ये गुजरात निगमाच्या बॅटरी साठवणीच्या लिलावात दर मेगावॅटला दरमहा सुमारे साडेचार लाख रुपये असा भाव निघाला. येथे युनिटला किंमत नाही. बॅटरी हुकुमासरशी भरण्या-सोडण्यास सज्ज असावी, याचेच हे मोल आहे. म्हणजे हा निव्वळ क्षमतेचा करार झाला. दुसरा मार्ग मागणीच सूर्याकडे वळविण्याचा. गुजरातमध्ये ऑक्टोबर २०२० मध्ये सुरू झालेली किसान सूर्योदय योजना आणि महाराष्ट्रातील मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना यांचा उद्देश शेतीपंपांना दिवसा वीज देणे हा आहे. शेतकऱ्याची रात्रीची पायपीट आणि साप-विंचवांचे भय त्यामुळे टळते. शिवाय दुपारची सौर वीज दुपारीच कामी येऊन रात्रीचा भार हलका होतो. शेतकऱ्याची सोय आणि विजेचे गणित येथे एकाच दिशेने जातात.

परदेशातील रीत

काही देशांत मान्य क्षमता हीच स्वतंत्र वस्तू म्हणून नोंदली जाते. पश्चिम ऑस्ट्रेलियात २००६ पासून चालू असलेल्या वीजबाजारात एक क्षमता-श्रेय म्हणजे एक मेगावॅट असे माप आहे. ग्राहकांना वीज विकणाऱ्या प्रत्येक कंपनीला कमाल मागणीतील आपल्या वाट्याइतकी श्रेये बाळगावी लागतात. सज्ज न राहिलेल्या केंद्राला घेतलेले पैसे परत करावे लागतात. अमेरिकेत १९७८ च्या एका कायद्याने लहान उत्पादकांची वीज विकत घेणे कंपन्यांवर बंधनकारक केले. तेव्हा त्यांना केवळ वाचलेल्या इंधनाचे पैसे द्यावयाचे की वाचलेल्या नव्या केंद्राचेही, हा प्रश्न पुढे आला. जो उत्पादक ऐन गरजेच्या वेळी वीज देण्याची हमी देतो, त्यालाच क्षमतेचे मोल मिळावे, हे तत्त्व त्यातून रूढ झाले.

करार वाचताना

क्षमतेची व्याख्या पुरी आहे किंवा नाही, हे पाहण्यासाठी पुढील प्रश्न विचारावेत.

१. क्षमता कोठे मोजावयाची : यंत्रापाशी, केंद्राच्या फाटकापाशी, की खरेदीदाराच्या उपकेंद्रात?

२. कोणत्या तासांसाठी व कोणत्या हंगामासाठी ती धरावयाची?

३. मागणी केल्यापासून किती वेळात ती मिळाली पाहिजे?

४. चाचणी कोण घेणार, आणि किती वेळा?

५. इंधन, पाणी, ऊन किंवा वारा नसल्यास जोखीम कोणाची?

६. तूट पडल्यास कपात किती, आणि तिचा हिशोब कोण करणार?

७. हीच क्षमता दुसऱ्या कोणाला विकलेली नाही, याची हमी आहे काय?

या सातांपैकी एकाचेही उत्तर मोघम असेल, तर त्याची किंमत पुढे कोणाला तरी भरावी लागते. ती अखेरीस ग्राहकाच्या बिलात किंवा गावाच्या अंधारात उमटते.

समारोप

कुलूपबंद घराच्या बिलातील स्थिर आकाराकडे आता पुन्हा पाहावे. तारा, रोहित्रे व केंद्रे घरमालक परत येताच दिवा लागावा म्हणून सज्ज ठेवलेली असतात. त्या सज्जतेचा वाटा म्हणजे तो आकार. सज्जतेचे पैसे द्यावयास हरकत नाही. मात्र ती सज्जता खरी आहे, गरजेइतकीच आहे आणि तपासलेली आहे, हे पाहण्याचा अधिकार पैसे देणाऱ्याला आहे. विद्युत नियामक आयोगापुढे दरवाढीचे प्रस्ताव येतात तेव्हा जाहीर सूचना निघते, हरकती मागविल्या जातात आणि सुनावणी होते. त्या वेळी ‘किती मेगावॅट घेतले’ एवढेच न विचारता ‘त्यांपैकी संध्याकाळी सात वाजता किती मिळतात’ असे विचारावे. ग्रामसभा, ग्राहक संघटना व शाळा यांनी या विषयाची चर्चा घडवून आणल्यास ती उपयुक्त ठरेल.

शिक्षकांसाठी अभ्यास

विद्यार्थ्यांकडून पुढील उदाहरणे सोडवून घ्यावीत.

१. ३,८०० मेगावॅटपैकी ७६० मेगावॅट म्हणजे किती टक्के? गुजरातचा वाटा किती टक्के?

२. १,४५० मेगावॅटचे ५७ टक्के व १६ टक्के काढा आणि महाराष्ट्राच्या वाट्याशी मिळवून बेरीज ताडून पाहा.

३. आपल्या घरातील उपकरणांची शक्ती वॅटमध्ये लिहा. ती सर्व एकाच वेळी चालविली तर किती किलोवॅट लागतील? प्रत्यक्षात कोणत्या तासाला सर्वांत अधिक वापर होतो? त्या तासाला सूर्य आकाशात असतो काय?

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर घराघरांतून जमवून वर्गात फळ्यावर मांडले, तर वितरण कंपनीला रोज सोडवावे लागणारे गणित कशाचे आहे, याची कल्पना मुलांना आपोआप येईल.